सांधा नसलेली अंगठी

मामाच्या घरात एक काचेचं कपाट होतं आणि त्याच्यासमोर हळू बोलायचं असा मामाचा नियम होता. धानाच्या कोठीसमोर ओरडलं तरी चाले, बाहेरच्या खोलीत तथागतांची मूर्ती होती तिच्यासमोर मामी आणि मी खुशाल भांडत असू, पण कपाटासमोर आवाज चढला की मामा चष्मा काढून आमच्याकडे बघायचा. कपाटात होते लढाईतले दागिने. दुसऱ्या महायुद्धात आमच्या भागातली पुष्कळ माणसं फौजेत गेली होती, आमच्या समाजातली तर जास्तच. ब्रह्मदेशाच्या रानात नाहीतर आफ्रिकेच्या वाळूत रिकामा वेळ मिळाला की हातात येईल त्या धातूचं ही माणसं काहीतरी घडवायची. तोफगोळ्याच्या पितळेचं कडं, पडलेल्या विमानाच्या जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, बिलवर, विमानाच्या जाड काचेतून कोरलेला बदाम, नाणं ठोकून केलेली अंगठी. घरी यायचं तेव्हा बायकोसाठी हेच आणायचं, कारण दुसरं काही आणण्याची ऐपत नव्हती. गोष्ट साधी आहे आणि चांगली आहे. ती गोष्ट काचेत घालून तिचं देऊळ कसं करतात, ते मी तीन वर्षं जवळून पाहिलं.

मी पोंभुर्ण्याकडची. बारावीनंतर बी. एस्सी.साठी मामाकडे नागभीडला राहिले. घर रुळांच्या बाजूला. नागपूरची छोटी गाडी फाटकाजवळ आली की शिट्टी द्यायची आणि कपाटातल्या सगळ्या वस्तू एकदम किणकिणायच्या. ते ऐकून मामी स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाली फौज जागी." मामी लाखोळीची डाळ शिजवायची, त्यात अंबाडी, सोबत तांदळाची भाकर, आणि बाजाराच्या दिवशी वाळलेले झिंगे लसणात परतून. त्या वासानं कपाटातल्या धातूंवर परिणाम होतो असा मामाचा एक शोध होता. त्यामुळे झिंगे परतताना मधलं दार लावायचं आणि धूर आम्ही दोघींनी खायचा. मी तेव्हा विचारलं होतं की जी वस्तू दारूगोळ्याच्या धुरात घडली तिला झिंग्याचा धूर काय करणार. मामानं दार लावून घेतलं.

मामा पाटबंधारे खात्यात कारकून होता. दर रविवारी तो एस.टी.नं खेड्यांत जायचा. पिशवीत झाकणाचे स्टीलचे डबे. कोणाच्या घरी फौजी होता याची चौकशी करायची, म्हातारीसमोर बसायचं, जय भीम घालायचा, तिच्या नवऱ्याच्या शौर्याबद्दल चार वाक्यं बोलायची (ती चारही वाक्यं मला पाठ होती, गावागणिक फक्त नाव बदले) आणि ट्रंकेतून वस्तू निघाली की डबा पुढे करायचा. हा त्याचा एकट्याचा शोध नव्हता. त्या काळात भांडीवाले दारोदार फिरून जुन्या पितळेच्या मोडीवर स्टील द्यायचेच. फरक इतकाच की भांडीवाला मोड घेतो आहे असं सांगून घ्यायचा.

एकदा मलाही सोबत नेलं होतं. सगुणाबाई नावाची म्हातारी, हाताच्या काड्या झालेल्या, मनगटात जर्मनचा बिलवर. नवरा मेला तेव्हा बायकांनी तिच्या काचेच्या बांगड्या फोडल्या, पण हा काही फुटेना म्हणून राहून गेला, असं तिनंच हसत हसत सांगितलं. मामानं साबणाचं पाणी मागवलं. बिलवर निघाला, त्याखालची कातडी पांढरी होती. ती डबा उघडून बघत म्हणाली, "झाकण घट्ट हाय ना बापा? मुंग्या लय होतेत." मामानं विचारलं, "फौजी वारले कुठी?"

"इथंच की. आंगणात. म्हातारे होऊन."

मामाचा चेहरा उतरला. परतीच्या गाडीत मी त्याला विचारलं की काय बिघडलं. तो म्हणाला, "तुले नाई समजणार."

समजायला अवघड काहीच नव्हतं. प्रत्येक वस्तूसमोर मामा पांढऱ्या जाड कागदाचं एक कार्ड लावायचा. त्यावर फौजीचं नाव, धातू, आघाडी आणि शेवट. लढाईत मेलेल्यांच्या कार्डाला लाल किनार, जगून परत आलेल्यांचं कार्ड बिनकिनारीचं, म्हणजे कोरं. हे मामाला नागपूरच्या एका साहेबानं शिकवलं होतं. साहेब स्वतः असल्या वस्तू जमवायचा, वर्षातून दोनतीनदा यायचा, येताना भिंग आणायचा आणि आमचं पाणी न पिता स्वतःची बाटली काढायचा. साहेब लाल किनारीसमोर थांबे. कोऱ्या कार्डांवरून त्याची नजर अशी जायची जशी बाजारात किडक्या वांग्यांवरून जाते. "वस्तूमागे व्यथा हवी," असं तो म्हणायचा. मामाच्या संग्रहाची सुरुवात त्याच्या स्वतःच्या वडिलांनी आणलेल्या पितळी कड्यापासून झाली होती. माझे आजोबा ब्रह्मदेशातून धडधाकट परत आले, शेती केली, सहा लेकरं वाढवली. त्यांचं कार्ड कोरं होतं आणि मामानं ते कडं सर्वांत खालच्या फळीवर, मागे ठेवलं होतं. बाप जिवंत परत आला याची लाज वाटणारा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही. आणि बाप परत आला नसता तर हा मुलगा जन्मलाच नसता, कारण मामा लढाई संपल्यानंतरचा.

आताही हे चालूच आहे. माझी मुलगी फोनवर दाखवते, असल्या अंगठ्या विकायला असतात, खाली चार ओळींची दुःखद कथा. अंगठीचं माप दिलेलं नसतं. कथा मात्र सगळ्यांना बसते.

दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न ठरलं. सुधाकर ब्रह्मपुरीकडचा, सशस्त्र पोलिसांत जवान, गडचिरोलीच्या दक्षिणेला नदीपलीकडच्या एका ठाण्यावर नेमणूक. तो काळ त्या जंगलात कसा होता ते सांगत बसत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सुट्टीवर आला तेव्हा तो मामीच्या हातचे झिंगे खायला बसला आणि जेवण झाल्यावर खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर सरकवली. पुडीत पितळेची अंगठी होती. रुंद, जरा जड, बाहेरून धानाची लोंबी कोरलेली. दाणे खिळ्यानं ठोकलेले दिसत होते, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ.

"तुमी बनवली?" मी विचारलं.

"मंग काय सोनाराले न्यायचं होतं काय जंगलात?"

मामा तोवर येऊन उभा. "कशाची आहे?"

सुधाकर होणाऱ्या मामेसासऱ्यासमोर बोलायला लाजत होता. खाली बघून म्हणाला, "तिथलीच हाय जी. ठाण्यातली."

"काडतूस!" मामा म्हणाला. "काडतुसाचं पितळ. पाह्यताबरोबर समजते मले." सुधाकरनं मान वर केली, काही बोलणार असं वाटलं, मग नुसता हसला. आमच्याकडे वडील माणूस चुकलं तर त्याला पहिल्याच भेटीत चूक म्हणत नाहीत. निदान जावई म्हणत नाही.

आता एक गोष्ट मामानंच येणाऱ्याजाणाऱ्यांना शिकवलेली होती. रायफलचं काडतूस बोटापेक्षा बारीक असतं. त्याची अंगठी करायची तर ते उभं चिरून पट्टी सपाट करावी लागते, मग वळवून टोकं जोडावी लागतात. म्हणून अशा अंगठीला सांधा असतोच. नमुना म्हणून कपाटात एक रिकामं काडतूसही होतं. मी अंगठी फिरवून फिरवून पाहिली. सांधा नव्हता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर लावून बघितलं, आतला व्यास सतरा मिलिमीटर. मामाचं काडतूस सर्वांत जाड जागी बारा. अंगठी त्यावर सोडली तर खुळखुळ करत बुडाशी जाऊन बसली. मी हे जेवताना सांगितलं.

"तू फिजिक्स शिक," मामा म्हणाला. "लढाई मले शिकवू नको."

मामी म्हणाली, "मोजून तं पाहा एकडाव."

"हे मोजायच्या गोष्टी नाईत!"

हे वाक्य मी पुढे आयुष्यात पुष्कळ ऐकलं, विहाराच्या बांधकामापासून मुलीच्या शाळेपर्यंत. ज्याला मोजमाप नको असतं तो दर वेळी असाच आवाज चढवतो.

चारआठ दिवसांत मामानं अंगठी मागितली. साहेब येणार होता, संग्रहातला सर्वांत ताजा नमुना त्याला दाखवायचा होता, लग्नाआधी परत देतो म्हणाला. त्याच्या घरी राहत होते, त्याचं अन्न खात होते, बोटातून काढून दिली. साहेब आला. भिंगातून लोंबी पाहिली. सांधा त्यानंही शोधला नाही. अंगठी परत फळीवर ठेवत म्हणाला, "काम बरं आहे. पण करणारा अजून आहे ना? मग ही सध्या आढीत आहे म्हणा. पिकायचीय." आणि दोघंही हसले. आंबे गवतात घालतात ना पिकायला, तसं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. साहेब आमचा चहा घेत नसे. त्या दिवशी मीच तो परत नेऊन मोरीत ओतला.

साहेब गेल्यावर मी अंगठी मागितली. मामा म्हणाला, "राहू दे. इथी सुरक्षित हाय." पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितली. तेच उत्तर. कपाटाची किल्ली त्याच्या गळ्यात जानव्यासारखी असायची. आमच्यात जानवं नसतं, पण हौस कोणाला सुटली आहे.

पोळा होऊन गेला होता. नद्या भरून वाहत होत्या, ठाण्याचा फोन बंद होता आणि सुधाकरचं पत्र आलं नव्हतं. दुपारच्या बातम्यांत रेडिओवर आलं की त्याच भागात जवानांच्या गाडीखाली स्फोट झाला. ठाण्याचं नाव सांगितलं. माणसांची नावं सांगितली नाहीत. मामी भाकर थापत होती. तिनं तवा उतरवून जमिनीवर ठेवला आणि माझा हात धरला, तिच्या हाताचं पीठ माझ्या मनगटावर तसंच राहिलं. मामा एस.टी.डी. बूथवर गेला. तासाभरानं आला. फोन लागत नव्हता. "नागपूरलेही करून पाह्यला," म्हणाला. मला वाटलं, पोलिसांच्या मोठ्या कार्यालयात केला असेल.

त्या दुपारी मला फक्त अंगठी हवी होती. त्या वेळी जगात माझ्या मालकीची ती एकच वस्तू आहे असं वाटत होतं आणि ती दुसऱ्याच्या कुलपात होती. मी मामाच्या खोलीत गेले. तो टेबलावर वाकून बसला होता. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, रेघ सरळ यावी म्हणून फूटपट्टी दाबून धरलेली.

"मामा, अंगठी द्या."

"थांब जरा पोरी. शाई वाळू दे."

टेबलावर कार्ड होतं. लाल किनार तीन बाजूंनी ओढून झाली होती, चौथी चालू होती. मधे सुधाकरचं नाव, धातू काडतुसाचं पितळ, आघाडी गडचिरोली. त्याखाली वीरगती. अक्षर सुरेख होतं. मामाचे डोळे ओले होते, हेही सांगितलं पाहिजे. तो रडत होता आणि किनार ओढत होता. माणूस नुसता निर्दयी असता तर मला सोपं गेलं असतं. नागपूरचा फोन कोणाला केला होता तेही तेव्हा समजलं. साहेब रविवारी येणार होता.

माझ्यामागे मामी येऊन उभी राहिली होती. तिला लिहितावाचता बेताचंच येत होतं, पण लाल किनार म्हणजे काय ते तिला कळत होतं. ती म्हणाली, "अवो, पोराची खबर तं येऊ द्या. घाई कशाची हाय तुमाले?"

"साहेब येऊन राह्यले."

"येऊ द्या. त्यायले म्हणा, आमच्या घरी मयताच्या आधी जेवाले बसत नाई."

रविवारच्या आदल्या दिवशी, छोटी गाडी येऊन गेल्यावर, सुधाकर दारात उभा राहिला. उन्हाची उकड होती आणि अंगात स्वेटर. स्फोट झाला तेव्हा तो मलेरियानं नदीअलीकडच्या दवाखान्यात पडलेला होता. पूर उतरल्यावर सुट्टी मिळाली तो थेट आमच्याकडे आला. मामीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. मी काय केलं ते मला आठवत नाही, मामी सांगायची की मी त्याच्या पायातले बूट मोजत असल्यासारखी पाहत होते. मामा आला, त्याला मिठी मारून हुंदके देऊन रडला. खरेखुरे हुंदके. मग एकदम थांबला आणि आतल्या खोलीकडे वळला, पण सुधाकर त्याच्यामागोमाग आत गेला होता. त्याला अंगठी पाहायची होती. माझ्या बोटात नाही हे त्यानं बसल्याबसल्या पाहिलं होतं.

अंगठी कपाटात होती, डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर. शेजारी कार्ड. सुधाकरनं वाचलं. ताप उतरायच्या वेळी माणूस जसा सावकाश वाचतो तसं, एकेक शब्द.

"अक्षर चांगलं हाय मामाजी तुमचं."

"रेडिओवर सांगितलं ना बाबा... आमाले वाटलं..."

"गाडीत दुसरे होते. देवराव होता. माझ्या बाजूच्या खाटेवर झोपे. मी आजारी म्हणून माझ्या जागी तो गेला."

मामानं चष्मा पुसला. मग त्यानं जे विचारलं ते मी शब्दाला शब्द लिहिते आहे, कारण हे प्रकरण मी त्या एका प्रश्नासाठीच लिहायला घेतलं.

"त्यानं काई बनवलं होतं काय?"

सुधाकरनं आधी समजलं नाही असं तोंड केलं. समजलं तेव्हा तो खुर्चीवर बसला. "हो जी," म्हणाला. "चहा बनवे. साऱ्या ठाण्याचा. रॉकेलच्या स्टोव्हवर. त्या स्टोव्हचा पंप बिघडला तं पितळेची नळी फेकाले निघाला होता, मीच मांगितली. त्यानं पक्कडीत धरली आन् मी करवतीनं कापली. हे अंगठी त्याच नळीची हाय."

"काडतुसाची नाई?"

"काडतुसाची कशी राहील? उडवलेल्या काडतुसाचे रिकामे खोकेसुद्धा आमाले गिनून जमा करा लागते. एक कमी आला तं नोकरी जाते."

मी मामाकडे बघत होते. मला अजूनही वाटत होतं की आता त्याला काही लागेल. देवरावचं नाव लागेल, नळी धरलेला हात लागेल. साहेबाची भाषाच बोलायची तर व्यथा तिथे समोर खुर्चीवर स्वेटर घालून बसली होती. मामानं किल्ली काढली, कपाट उघडलं, अंगठी उचलून खिडकीशी नेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा सांधा शोधला.

"म्हंजे हे नुसती अंगठी हाय," तो म्हणाला. आवाजात इतकी निराशा होती की कोणाला वाटावं, घरात मयत आत्ता झाली.

"मले नुसतीच पाह्यजे," मी म्हणाले, आणि हात पुढे केला.

त्यानं दिली. कार्ड मात्र फाडलं नाही, कागद महागाचा होता. पाठ कोरी आहे म्हणून ते उलटं करून ठेवलं. सुधाकरनं ते मागून घेतलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यानं देवरावच्या घरचा पत्ता लिहिला. लग्न झाल्यावर आम्ही पहिल्यांदा कोणाकडे गेलो तर तिथे. देवरावच्या आईनं अंगठी बोटावर फिरवून पाहिली, लोंबीवर नख फिरवलं आणि विचारलं, "चहा बरा बनवे काय माझा पोरगा?" सुधाकर म्हणाला, "साखर जास्त टाके." ती म्हणाली, "घरीही तसाच." मग तिनं अंगठी माझ्या बोटात परत घातली आणि आमच्यासाठी चहा मांडायला गेली.

मामा वारल्यावर त्याचं कपाट साहेबानं नेलं. आजोबांचं कडं नको म्हणाला, ते माझ्याकडे आहे. साहेबाची नियमावली मला पाठ आहे: धातूला पाणी लावू नये, घासू नये, वरचा रंग जपावा, नाहीतर वस्तू बाद होते. माझी अंगठी पावसाळ्यात बोट हिरवं करते. दर शनिवारी भांडी घासताना मी ती चिंचेनं घासते, आजोबांचं कडंही सोबत घासते. लोंबीचे दाणे आता बरेच पुसट झाले आहेत, दाट बाजूचेसुद्धा. सुधाकर चहा पीत मोरीच्या दाराशी बसलेला असतो. साखर तोही जास्तच टाकतो.